मागच्या बाकावरून अर्थमंत्र्यांपर्यंत: मुंदडा प्रकरणातले फिरोझ गांधी

निवडणूक जवळ आली की खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरू लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा, खासगी विधेयकं इतकी. पीआरएससारख्या संस्था ही माहिती नेटाने गोळा करतात आणि ती उपयोगाची असते, यात वाद नाही. पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर उतरते तेव्हा नुसता आकडा उरतो. आमच्या साहेबांचे प्रश्न जास्त की तुमच्या साहेबांचे, एवढीच स्पर्धा. कोणता प्रश्न होता, सरकारने काय उत्तर दिलं आणि ते उत्तर हातात पडल्यावर साहेबांनी पुढे काय केलं, हे कुणी विचारत नाही.

या ‘पुढे काय केलं’वरच सगळं कसं अवलंबून असतं, ते पाहायला १९५७-५८चं मुंदडा प्रकरण घ्यावं. सत्ताधारी पक्षाचा, मंत्रिपद नसलेला, मागच्या बाकावरचा एक खासदार. त्याच्या प्रश्नांमुळे आणि एका भाषणामुळे स्वतंत्र भारतातला एक बलाढ्य अर्थमंत्री दोन-अडीच महिन्यांत घरी गेला. या सगळ्या खटाटोपात त्या खासदाराने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं नाही. तशी वेळच आली नाही. प्रगतिपुस्तकात ‘मतदान’ असा रकाना असता तर तो त्याच्यापुरता कोराच राहिला असता.

खासदाराचं नाव फिरोझ गांधी. ‘इंदिराबाईंचे यजमान’ किंवा ‘राजीवचे वडील’ एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे, आणि त्यांच्या धर्माबद्दल, आडनावाबद्दल फिरणाऱ्या भाकडकथांना तर तोटा नाही. त्यामुळे थोडी माहिती द्यावी लागते. जन्म १९१२चा, मुंबईतला, पारशी कुटुंबातला. वाढले अलाहाबादेत. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, १९४२ मध्ये इंदिरा नेहरूंशी लग्न झालं. पुढे वर्तमानपत्राच्या व्यवस्थापनात रमले, आधी लखनौचा ‘नॅशनल हेरल्ड’, मग ‘इंडियन एक्स्प्रेस’. १९५२ आणि १९५७ अशा दोन्ही निवडणुका रायबरेली भागातून जिंकल्या. लोकसभेत आल्यावर पहिली काही वर्षं गृहस्थ जवळपास गप्प होते. त्या काळात कुणी प्रगतिपुस्तक काढलं असतं तर पंतप्रधानांचे जावई काठावरही पास झाले नसते.

विम्याचा अभ्यास

गप्प माणूस बोलायला उभा राहिला तो डिसेंबर १९५५ मध्ये, विमा कायद्यातल्या दुरुस्तीच्या निमित्ताने. विषय होता खासगी विमा कंपन्यांचा, आणि मुख्यतः रामकृष्ण दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचा. विमेदारांचा पैसा मालकाच्या इतर उद्योगांत आणि शेअर बाजारातल्या सट्ट्यात कसा वळवला जातो, हे फिरोझ गांधींनी कंपन्यांच्या ताळेबंदांमधून दाखवून दिलं.

इथे एक दंतकथा बाजूला काढायला हवी. फिरोझ गांधींच्या भाषणामुळे दालमिया तुरुंगात गेले, असं सर्रास लिहिलं जातं. तारखा उलटं सांगतात. दालमियांची चौकशी आधीच सुरू झाली होती आणि दोन कोटींहून जास्त रकमेच्या रोख्यांची अफरातफर केल्याची कबुली त्यांनी सप्टेंबर १९५५ मध्येच दिली होती. भाषण झालं ते त्यानंतर. पण म्हणून भाषणाची किंमत कमी होत नाही. एका भामट्याच्या गुन्ह्याची गोष्ट फिरोझ गांधींनी अख्ख्या धंद्याच्या पद्धतीची गोष्ट केली. गुन्हेगाराला पोलीस पकडतात. पद्धत चव्हाट्यावर आणणं हे खासदाराचं काम, आणि ते त्यांनी केलं.

दीड महिन्याच्या आत, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विमा व्यवसाय सरकारने वटहुकमाने ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. देशी, परदेशी आणि भविष्यनिधी संस्था धरून २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारकडे आला आणि १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी सुरू झालं. तोवर मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा देऊन चिंतामणराव बाहेर पडले होते आणि त्यांच्या खुर्चीत टी. टी. कृष्णम्माचारी बसले होते.

याच वर्षी फिरोझ गांधींनी आणखी एक काम केलं, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. संसदेत जे बोललं जातं त्याचा खराखुरा वृत्तांत छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला भरता येऊ नये, यासाठी त्यांनी एक अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं खासगी विधेयक आणलं. खासदाराला सभागृहात बोलण्याचं संरक्षण घटनेने दिलं होतं, पण ते छापणाऱ्या संपादकाला नव्हतं. म्हणजे खासदाराने उद्योगपतीचं नाव घेऊन आरोप केला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात ते नाव यायची खात्री नाही. वर्तमानपत्राचे हिशेब सांभाळलेल्या माणसाला ही अडचण जवळून ठाऊक होती. विधेयक मंजूर झालं आणि १९५६ चा संसदीय कामकाज (प्रसिद्धी संरक्षण) कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त चौदा अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, शेवटचं १९७० मध्ये. त्या चौदांतलं हे एक.

क्रम लक्षात घ्या. आधी विमा क्षेत्राचा अभ्यास, मग सभागृहातलं बोलणं छापून येईल याची कायदेशीर तजवीज, आणि त्यानंतर मुंदडा. ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण १९५७ मध्ये जे घडलं त्याची सामग्री आधीच्या दोन वर्षांत जमली होती.

जून १९५७ चे दोन दिवस

हरिदास मुंदडा हा कलकत्त्याचा सटोडिया. कर्ज काढून कंपन्यांचे शेअर घ्यायचे, ते तारण ठेवून आणखी कर्ज काढायचं आणि आणखी कंपन्या ताब्यात घ्यायच्या, अशी त्याची चाल. १९५६ मध्ये बनावट शेअर विकल्याबद्दल मुंबई शेअर बाजाराने त्याच्यावर ठपका ठेवला होता. म्हणजे १९५७ च्या उन्हाळ्यात त्याचं नाव बाजारात कुणाला नवीन नव्हतं आणि त्याची पत काय आहे, तेही.

त्याचा डोलारा कोसळायला आला तेव्हा, २४ आणि २५ जूनच्या सुमारास, एलआयसीने त्याच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर विकत घेतले. रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प, एंजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन. यातली रिचर्डसन क्रुडास भायखळ्याची; जुन्या मुंबईकरांना तिचं आवार आठवत असेल. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. एवढी मोठी खरेदी तिच्यासमोर आधी जायला हवी होती. तिला कळलं ते व्यवहार पुरा झाल्यावर.

व्यवहार ठरला तो अर्थखात्याचे मुख्य सचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत, व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन आणि खुद्द मुंदडा यांच्यात. नंतर कारण सांगण्यात आलं की कलकत्त्याचा शेअर बाजार घसरत होता, त्याला आधार द्यायचा होता. बाजाराला आधार द्यायचा तर एकाच माणसाच्या सहा कंपन्या कशाला निवडायच्या, हा प्रश्न कुणाही विमेदाराला पडला असता. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असं ब्रीद मिरवणाऱ्या संस्थेने योगक्षेम कुणाचा वाहिला, असंही म्हणता आलं असतं.

उत्तर नोंदलं जातं

सभागृहात पहिला प्रश्न फिरोझ गांधींनी विचारला नाही. हेही प्रगतिपुस्तकवाल्यांनी टिपून ठेवण्यासारखं आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये बिहारचे काँग्रेस खासदार डॉ. राम सुभग सिंह यांनी विषय काढला. सरकारकडून गुळमुळीत उत्तर आलं.

विधानसभेची किंवा संसदेची छापील उत्तरं ज्यांनी चाळली आहेत त्यांना ही चव ओळखीची आहे. प्रश्नाचे भाग पाडलेले असतात: अ, ब, क. आपल्या विधानमंडळात प्रत्येकाची सुरुवात ‘हे खरे आहे काय’ अशी. उत्तरात ‘हे अंशतः खरे आहे’, मग ‘चौकशी सुरू आहे’ आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. अधिकारी हे उत्तर रंधा मारून गुळगुळीत करून देतात. कुठेही कुसळ राहत नाही. खोटं एकही वाक्य नसतं आणि खरं काही कळत नाही. बहुतेक सदस्य इथे थांबतात. प्रश्न विचारला, उत्तर आलं, मतदारसंघातल्या पत्रकारांना कात्रण गेलं, नावावर एक प्रश्न जमा झाला.

पण अशा उत्तराची दुसरी बाजू सरकारला कायम नडते. ते नोंदलं जातं. मंत्र्याने अमुक तारखेला सभागृहात अमुक सांगितलं, हे मग त्याच्या खात्यालाही पुसता येत नाही. दुसऱ्या वेळी विचारणाऱ्याला पहिल्या उत्तराशी कागद ताडून पाहता येतात. नोव्हेंबरअखेर विषय पुन्हा सभागृहात आला तेव्हा फिरोझ गांधी पुरवणी प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्याच्या उत्तरावर तिथेच विचारायच्या प्रश्नांच्या, पवित्र्यात उभे होते. अर्थमंत्र्यांच्या उत्तरांचा सूर असा होता की गुंतवणूक महामंडळाने स्वतःच्या अधिकारात केली, मंत्रालयाचा त्यात हात नाही. आता मंत्री दोन उत्तरांत बांधले गेले. मंत्रालयातल्या कुणी काय ठरवलं हे दाखवणारा एक जरी कागद बाहेर आला, तरी प्रकरण शेअरच्या भावापुरतं राहणार नव्हतं. ते मंत्र्याच्या शब्दाचं होणार होतं.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात फिरोझ गांधींचा एक कोपरा ठरलेला होता. पत्रकार, निरनिराळ्या पक्षांचे खासदार, अधिकारी तिथे चहा-सिगारेटच्या निमित्ताने जमत. माहिती मिळवायला हुद्दा लागत नाही, बसायची जागा आणि विश्वास लागतो. मागच्या बाकावरच्या माणसाकडे संशोधन विभाग नव्हता, आजच्यासारखे स्वीय सहायक नव्हते. हा कोपरा होता.

१६ डिसेंबर

१६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत चर्चा झाली आणि फिरोझ गांधींनी ती सुरू केली. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं की आज सभागृहात नेमबाजी होणार आहे. मी मारतो तेव्हा जोरात मारतो आणि समोरून त्याहून जोरात यावं अशी अपेक्षा ठेवतो. समोरच्या बाजूकडेही टीएनटी या स्फोटकाचा भरपूर साठा आहे, याची मला कल्पना आहे. टीटीके या नावाने सगळीकडे ओळखल्या जाणाऱ्या अर्थमंत्र्यांना हा टोला होता, आणि सभागृहाला तो समजला. मग सूर बदलला. मनात बंड उठलं म्हणून ही चर्चा मागावी लागली, एवढ्या मोठ्या गोष्टी घडत असताना गप्प राहणं हा गुन्हा ठरतो, असं ते म्हणाले.

या वाक्यांमुळे भाषण गाजलं आणि आजही हीच वाक्यं सांगितली जातात. पण मला भाषणाचा कणा वेगळीकडे दिसतो. फिरोझ गांधींनी सभागृहाला पहिल्यांदा आठवण करून दिली की हे महामंडळ तुम्ही निर्माण केलं आहे. देशातली सगळ्यात मोठी वित्तसंस्था संसदेने कायदा करून जन्माला घातली, तर तिच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारीही संसदेचीच. हे म्हणताना त्यांनी आपल्याच पक्षाच्या खासदारांची सोय करून दिली. राष्ट्रीयीकरण हा काँग्रेसचा निर्णय होता, अभिमानाचा होता. त्या निर्णयाची लाज राखायची असेल तर प्रश्न विचारले पाहिजेत, अशी मांडणी झाल्यावर प्रश्न विचारणारा पक्षद्रोही ठरत नाही.

पुढचा भाग हिशेबाचा. कोणत्या दिवशी कोणता शेअर कोणत्या भावाला होता, खरेदीच्या आधीच्या दिवसांत भाव कसा चढत गेला, महामंडळाने बाजारभावाच्या वर पैसे कसे मोजले. आकडा, तारीख, पुढचा आकडा. नाट्यमय वाक्य एकदाच म्हणावं आणि बाकी वेळ कागद वाचावेत, ही त्यांची पद्धत. समोरच्याला रागावताही येत नाही, कारण राग शेअरच्या भावावर कसा काढणार?

चर्चेच्या शेवटी मतविभागणी झाली नाही. कुणी अविश्वासाचा ठराव आणला नव्हता. पण सरकारला चौकशी टाळणं शक्य राहिलं नाही.

मुंबईतली सुनावणी

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, आणि खुली. गर्दी इतकी लोटली की बाहेर थांबलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आयोगापुढे उभे. मंत्री आणि त्यांचा मुख्य सचिव एकाच व्यवहाराबद्दल वेगवेगळी साक्ष देत आहेत, हे दृश्य लोकांनी याआधी पाहिलं नव्हतं. पटेलांचं म्हणणं, मंत्र्यांची संमती होती. मंत्र्यांचं म्हणणं, नव्हती. ज्यांच्या घरी दर महिन्याला विम्याचा हप्ता बाजूला काढून ठेवला जाई, त्या मध्यमवर्गाला शेअर बाजार कळो न कळो, साहेब आणि त्याचा सचिव एकमेकांवर ढकलतायत हे कळत होतं.

१० फेब्रुवारीला अहवाल तयार होता. चौकशी आयोगाला पाचवी-सहावी मुदतवाढ मिळाल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या पिढीला ही तारीख दोनदा वाचावीशी वाटेल.

छागलांनी काही तत्त्वं घालून दिली. सरकारला स्वायत्त महामंडळाच्या कारभारात हस्तक्षेप करायचाच असेल तर तो लेखी आदेशाने करावा, मागच्या दाराने नको. महामंडळावर सनदी अधिकारी नेमले तर त्यांची निष्ठा महामंडळाशी असावी, मंत्रालयातल्या वरिष्ठांशी नव्हे. मंत्र्याला आपल्या हाताखालच्या माणसाच्या कृतीची जबाबदारी झटकता येणार नाही. माझ्या इच्छेविरुद्ध त्याने केलं, असं म्हणायची सोय नाही. या शेवटच्या तत्त्वाचा उल्लेख मंत्री-सचिव वादात आजही होतो.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात नेमकं तत्त्व संसदेबद्दलचं आहे. मंत्र्यांनी संसदेला शक्य तितक्या लवकर विश्वासात घ्यावं आणि सगळी संबंधित माहिती तिच्यापुढे ठेवावी. नाहीतर संसदेला ती दुसरीकडून मिळते तेव्हा मोठी अडचण आणि नामुष्की ओढवते. न्यायमूर्तींच्या संयत भाषेत हा सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या उत्तरांवरचा शेरा होता. त्याच वेळी टेबलावर सगळे कागद ठेवले असते तर कदाचित चुकीच्या गुंतवणुकीवर टीका होऊन विषय संपला असता. लपवाछपवीने व्यवहाराचं प्रकरण झालं.

फेब्रुवारीतच टीटीकेंनी राजीनामा दिला. त्यांचा या प्रकरणातला वाटा किरकोळ होता, असं नेहरूंनी त्यांना पत्रात लिहिलं. राजीनामा मात्र स्वीकारला. २८ फेब्रुवारी १९५८ ला अर्थसंकल्प खुद्द पंतप्रधानांना मांडावा लागला. जावयाने सुरू केलेल्या प्रकरणाचं बिल सासऱ्यांना असं भरावं लागलं, ही चेष्टा तेव्हा दिल्लीत झाली नसेल तर नवल.

का जमलं

हे सगळं एका शूर माणसाची कहाणी म्हणून सांगणं सोपं आहे, आणि मला ते पुरेसं वाटत नाही. फिरोझ गांधींच्या बाजूने बऱ्याच गोष्टी होत्या ज्या दर खासदाराच्या वाट्याला येत नाहीत. पंतप्रधानांच्या जावयाला तिकीट कापण्याची धमकी कोण देणार? आणि घरी सासऱ्यांशी, पत्नीशी संबंध कितीही ताणलेले असोत, बाहेरच्या अधिकाऱ्याला, पत्रकाराला त्यांच्याशी बोलताना एक आडोसा मिळत होता. सभागृहात विरोधक संख्येने तुटपुंजे होते, त्यामुळे सरकार पडेल ही भीती काँग्रेसच्या कुणालाही नव्हती. सरकार सुरक्षित असलं की सत्ताधारी बाकांवरून टीका करणं परवडतं. शिवाय नेहरूंनी नाराज होऊनही चौकशी खुली होऊ दिली.

म्हणून ‘आज असे खासदार कुठे राहिले’ हा सूर मला फसवा वाटतो. बदललेली यंत्रणाही बघावी लागते. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं. त्यामुळे खासदाराचं मत बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, आणि त्यातही बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोण कुठल्या बाजूला होतं याची नावनिशी नोंदच होत नाही. मतदानाच्या रकान्यातून खासदाराचं मन वाचायला जाणं म्हणूनच फारसं कामाचं नाही.

पण पक्षांतरबंदीच्या तरतुदी असलेल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टात प्रश्न विचारण्यावर बंदी नाही. पुरवणी प्रश्नाला पक्षादेश लागू होत नाही. लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीवर येतात, सोडत लागते, पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत मोजकेच पोचतात. ज्याचा नंबर लागला त्याला साधारण दोन पुरवणी प्रश्न मिळतात. या दोन प्रश्नांत खासदार काय करतो ते बघायचं. कित्येक जण उभे राहून मंत्र्यांचे आभार मानतात, मतदारसंघातल्या एका पुलाची मागणी जोडतात आणि बसतात. काही जण, विरोधी बाकांवरचे असले तर, प्रश्नाऐवजी भाषण ठोकतात आणि मंत्र्याला उत्तर न देण्याची सबब आयती देतात. आधीच्या अधिवेशनातलं उत्तर हातात घेऊन ‘तेव्हा आपण असं म्हणाला होतात, आता हा आकडा वेगळा का?’ असं विचारणारे थोडे. ते ओळखायला आकडे उपयोगी पडत नाहीत, उत्तरं लागोपाठ वाचावी लागतात. ती आज संसदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. १९५७ च्या वाचकाला ग्रंथालयात जाऊन वृत्तांताचे खंड काढावे लागत.

सत्ताधारी खासदार असा प्रश्न विचारत नाहीत याचं कारण कायद्यात सापडत नाही. ते पुढच्या निवडणुकीच्या तिकिटात सापडतं. फिरोझ गांधींना ती चिंता नव्हती, एवढं मान्य करूनही एक गोष्ट उरते: तिकिटाची चिंता नसलेले खासदार दर लोकसभेत असतात, आणि त्यातले बहुतेक गप्प बसतात.

त्यांच्या पुढच्या कामातही हाच ठसा दिसतो. टाटांच्या टेल्कोचं रेल्वे इंजिन जपानी इंजिनाच्या जवळपास दुप्पट किमतीला पडतं, असं म्हणत त्यांनी टेल्कोच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. पारशी समाजात खळबळ उडाली. टाटांवर बोट ठेवणारा माणूस आपलाच. पुन्हा पद्धत तीच: दोन किमती शेजारी ठेवायच्या आणि फरकाचं कारण विचारायचं. मागणी मान्य झाली नाही. त्यांचा प्रत्येक नेम लागला असं नाही, आणि या ठिकाणी इलाज रोगापेक्षा मोठा होता असं माझं मत आहे. ८ सप्टेंबर १९६० रोजी, अठ्ठेचाळीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, हृदयविकाराने ते गेले.

नंतर

मुंदडाला तुरुंगवास झाला. एलआयसीचा बराचसा पैसा बुडाला. सार्वजनिक उपक्रमांवर नजर ठेवणारी संसदेची स्वतंत्र समिती असावी ही मागणी जुनीच होती. ती समिती १९६४ मध्ये प्रत्यक्षात आली. त्याआधीच, १९६२ मध्ये, टीटीके मंत्रिमंडळात परतले होते आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. राजीनामा घेणं ही त्या काळी शिक्षा होती, वनवास नव्हता.

फिरोझ गांधींच्या १९५६ च्या कायद्याचं नशीब जास्त वळणाचं. आणीबाणीत तो रद्द करण्यात आला. पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. संसदेत काय बोललं जातं ते छापायला संपादक पुन्हा घाबरू लागले, आणि वर सेन्सॉर होताच. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि त्या सरकारने हा कायदा पुन्हा आणला. पाठोपाठ चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१अ घालून त्या संरक्षणाला घटनेतच जागा दिली, म्हणजे साध्या बहुमताने कुणाला ते काढता येऊ नये. विधिमंडळांच्या वृत्तांतालाही त्यात संरक्षण मिळालं, त्यामुळे नागपूर अधिवेशनातले आरोप आपल्या पेपरात नावानिशी येतात तेही याच आधारावर.

जनता सरकारमध्ये अर्थमंत्री होते हिरुभाई पटेल. म्हणजे एच. एम. पटेल, मुंदडा प्रकरणात सनदी कारकीर्द गमावलेले तेच मुख्य सचिव.